दोघांचं के.एम.एम.

सुयोग पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा त्याने माझ्या आईची लुगडी छातीशी धरली होती.

श्रावणातली दुपार होती. वेसाव्याच्या मासळी बाजारावर ऊन आणि पाऊस दोन्ही एकदमच पडत होते, आणि ताडपत्रीच्या कडेवरून थेंब एकेक करून नेमके माझ्या मानेवर उतरत होते. हॉस्पिटलला सुट्टी असली की मी आईच्या पाटीशेजारी बसते. मासे मी विकत नाही, तेवढी अक्कल मला नाही असं आईचं मत आहे. मी माश्या हाकलते आणि तिचा फोन उचलते. तर समोर हा उभा. पायात पॉलिश केलेले बूट, बुटांभोवती मासळीचं पाणी, केसांवर पावसाची बारीक भुरभुर, आणि हातात हिरव्या लुगड्यांचा गठ्ठा, तान्हं मूल धरावं तसा जपून धरलेला.

"के.एम.एम. इथेच ना?" त्याने विचारलं.

"इथेच. कोळी महिला मंडळ. आणि ती लुगडी आमची आहेत, नारळी पौर्णिमेला नेसायची. कधीपासून शोधतोय आम्ही. तुमच्याकडे कशी आली?"

"आम्ही पण... के.एम.एम.च आहोत." गुन्हा कबूल करावा तसा तो म्हणाला. "करंजवाडी मित्र मंडळ. आमचा गाव तिकडे, कणकवलीच्या पुढे. मंडळाची खोली इथे सात बंगल्याला आहे. पत्त्यात नुसतं के.एम.एम. लिहिलं होतं, म्हणून कुरियरवाल्याने—"

"म्हणजे ते पांढरे झब्बे तुमचे!"

"भजनाचे! तुमच्याकडे आलेत?"

आले होते ना. आदल्या दिवशी आईने गठ्ठा उघडून एक झब्बा दोन बोटांनी उचलून धरला होता आणि "महिला मंडलात पुरुष कोन घुसला गो?" असं विचारून सगळ्या बाजाराला हसवलं होतं. माझी आई प्रेमा, मंडळाची अध्यक्ष. तिचा आवाज जेट्टीपासून मेट्रो स्टेशनपर्यंत ऐकू जातो असं लोक म्हणतात, आणि तिला त्याचा अभिमान आहे.

"लुगडी उघडून बघितलीत वाटतं?" मी विचारलं.

"गठ्ठा जरासा फाटला होता..."

"नेसून तर नाही ना बघितली?"

त्याचे कान लाल झाले. चेहरा नाही, फक्त कान. मला फार मजा वाटली.

"ए पोरा," आई पलीकडून ओरडली, "काय घेतंस? पापलेट हाय, आताच आयलाय."

"नको मावशी. श्रावण पाळतो आम्ही."

"मंग हितं उभा कशाला हायस?"

लुगडी देऊन झाली होती, झब्बे दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरत होतं, पाऊसही ओसरला होता. तरी तो उभाच.

"उद्या सकाळी येऊ का?" त्याने विचारलं.

"सकाळी नको, माझी ओ.टी. आहे."

"माझी पण संध्याकाळी ओ.टी. आहे."

"तुमची? तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही हो. लिफ्टच्या कंपनीत आहे. ओ.टी. म्हणजे ओव्हरटाइम."

"माझी म्हणजे ऑपरेशन थिएटर. मी तिथे टेक्निशियन आहे."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. आधी डोळ्यांत, मग सावकाश ओठांवर, कुणाला विचारून हसावं तसा. मग एकदम "येतो" म्हणाला, वळला आणि बर्फाच्या खोक्याला अडखळला. मी माश्या हाकलायचं विसरले, आणि आईने ते बघितलं.

तो घाटकोपरला राहायचा. दिवसभर उपनगरातल्या टॉवरांत लिफ्ट दुरुस्त करत फिरायचा आणि रविवारी मंडळाच्या खोलीवर यायचा. शिकलेला आहे आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, असा एक मुलगा प्रत्येक मंडळात सापडतो आणि मंडळ त्याला सेक्रेटरी करतं. मीही आमच्या मंडळाची सेक्रेटरी. फक्त मला 'नाही' म्हणता येतं, आईला सोडून सगळ्यांना.

झब्बे न्यायला आला त्या दिवसापासून आमचा एक खेळ सुरू झाला. कुठलीही पाटी दिसली की तो फोटो काढून मला पाठवायचा. कांदिवलीच्या एका टॉवरखाली त्याला 'पी.टी.' दिसलं. मी लिहिलं, आमच्याकडे फिजिओथेरपी. त्याने लिहिलं, आमच्या पगारातून कापतात तो प्रोफेशनल टॅक्स. मग दोघांनी एकदमच लिहिलं, शाळेतला तास, उन्हात हात वर. त्या दिवशी मी वॉर्डात एकटीच हसत होते आणि सिस्टर श्वेता मला म्हणाली, "ताप बघू का गं तुझा?"

मला तेव्हा फार गंमत वाटायची या गोष्टीची. दोन-तीन अक्षरं असतात, आणि त्या एवढ्याशा जागेत किती जण दाटीवाटीने राहतात. कुणाचं कुणाशी नातं नाही, ओळख नाही. नाव मात्र एक. एखाद्या दिवशी त्यांची जिन्यात गाठ पडत असेल का? आणि पडली तर... ती काय बोलत असतील?

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी व्हॉट्सॲपवर फोटो बदलला होता, हिरव्या लुगड्यातला, केसांत अबोली, आणि दहीहंडीच्या गर्दीतून त्याचा मेसेज आला.

'डी.पी. बदललास.'

'डी.पी. म्हणजे? आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेची डी.पी. आहे, ती?'

'शॉक तसाच लागला.'

बराच वेळ मी फोन उलटा करून ठेवला. मग सरळ करून लिहिलं, 'आणि पालिकेचा डी.पी.? डेव्हलपमेंट प्लॅन?'

'तोही आहे माझ्याकडे एक. मंजुरीला कुठे टाकायचा ते कळत नाही.'

मेसेजमध्ये हा असा. समोर आला की गप्प.

समोर यायला कारणं मात्र भरपूर होती. करंजवाडीच्या भजन स्पर्धेतली 'उत्कृष्ट पखवाजवादक' ही ट्रॉफी आमच्याकडे आली, आणि आईने ती परत द्यायच्या आधी हातात धरून चार फोटो काढून घेतले. आमच्या महिला आरोग्य शिबिराच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या खोलीवर पोचल्या, आणि तिथल्या म्हाताऱ्या भजनीबुवांनी रांग लावून आपापलं बी.पी. मोजून घेतलं. त्याच रस्त्यावर किशोर मोटर मेकॅनिकचं गॅरेज होतं, तेही के.एम.एम. एकदा कुणीतरी आईला फोन करून क्लच प्लेट कधी बसवणार असं विचारलं आणि आई म्हणाली, "आधी गाडी घेऊन ये, तुझीच प्लेट बसवते." प्रत्येक घोळानंतर सुयोग यायचा. घाटकोपरहून वर्सोवा, म्हणजे आमचं वेसावं, मेट्रोचं ते टोक ते हे टोक. एका चुकीच्या आलेल्या पाकिटासाठी एवढं लांब कुणी येत नाही. तो यायचा, पाकीट द्यायचा आणि उभा राहायचा.

"ह्यो पोरगा मना कलत नाय," आई एकदा मला म्हणाली. श्रावण संपला होता, गणपती झाले होते, तरी त्याने एक बोंबील घेतला नव्हता. "भाव इचारत नाय, मासली घेत नाय, आनि जात पन नाय. बाजारात गप्प गिऱ्हाइकासारखा वायट गिऱ्हाईक नाय गो. जागा अडवून ठेवतंय."

मी माश्या हाकलत राहिले. माझीसुद्धा जागा अडली होती, हे आईला कसं सांगणार?

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी आम्ही वर्सोव्याच्या वाळूत चाललो होतो. ओहोटी होती. ओल्या वाळूत आभाळ उतरलं होतं, गुलाबी आणि राखाडी, आणि आमचे पाय त्या आभाळावरूनच चालले होते. लांबवर होड्यांचे दिवे एकेक लागत होते. त्यातला एक दिवा माझ्या बाबांचा असेल असं मी त्याला दाखवलं. माझे बाबा अनंता, दर्यात असले की दिवस दिवस घरी नसतात.

"तू इतका गप्प का रे असतोस?" मी विचारलं.

त्याने खरंच विचार केला. "लिफ्टमुळे असेल. लिफ्टमध्ये माणसं शिरली की सगळी गप्प होतात ना? वर आकड्यांकडे बघत उभी राहतात. मी दिवसभर तिथेच असतो."

"आणि मग त्यांचा मजला येतो, आणि ती उतरून जातात," मी म्हटलं.

"हो..."

"काही न बोलता."

"हो."

वारा आला. माझी ओढणी उडून त्याच्या हातावर पडली. त्याने ती काढली नाही आणि मीही ओढून घेतली नाही. आम्ही तसेच चालत राहिलो, ओढणीचं एक टोक माझ्या खांद्यावर आणि दुसरं त्याच्या मनगटाशी. आता बोलेल, आता बोलेल, असं करत वाळू संपली आणि जेट्टी आली.

खरं सांगायचं तर नंतर नंतर चुका व्हायच्या बंद झाल्या होत्या. कुरियरवाले आम्हाला दोघांनाही ओळखायला लागले होते. म्हणून मग मी काय केलं, तर मंडळाच्या कॅलेंडरांची ऑर्डर देताना पत्ता मुद्दाम त्यांच्या खोलीचा दिला. आईला म्हटलं, "परत घोळ झाला गं." कॅलेंडरं घेऊन सुयोग आला. मला वाटलं, मी फारच हुशार.

आणि डिसेंबरात तो एक खोकं घेऊन आला. वर मोठ्या अक्षरांत के.एम.एम. लिहिलेलं. "परत आमच्याकडे आलं," असं म्हणून त्याने ते माझ्या हातात दिलं. हलकं लागलं. घरी नेऊन उघडलं तर आत जुनी वर्तमानपत्रं, नीट घड्या घातलेली, आणि बाकी काहीही नाही. वरची अक्षरं त्याचीच होती, 'एम'चा शेवटचा पाय खाली ओढायची त्याची सवय मला माहीत होती. मी ते रिकामं खोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. खिडकीतून सुकत्या बोंबलांचा वास येत होता आणि मला तो मोगऱ्यासारखा वाटत होता, इतकी माझी वाट लागली होती.

पण तो बोलला नाही. मी त्याला खोक्याबद्दल विचारलंही नाही. तूच बोलायचं की मग, असं कुणीही म्हणेल. पण माझ्या आयुष्यात सगळं मीच बोलते. मंडळात मी, हॉस्पिटलात मी, त्याच्याबरोबर चालतानाही मीच. एवढी एक गोष्ट मला ऐकायची होती.

संक्रांत झाली. रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी आमच्या मंडळाचं हळदीकुंकू असतं, बाजारामागच्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये. हॉलचं काम धोंडिरामकाका बघतात. मी बुकिंगला गेले तेव्हा ते म्हणाले, "झालंय की तुमचं, के.एम.एम." मला वाटलं आईने आधीच सांगितलं असेल. बरं म्हणून परत आले.

रविवारी सकाळी आम्ही बायका वाणाचे डबे, तिळगूळ आणि गजरे घेऊन हॉलवर पोचलो, तर स्टेजवर केळीचे खुंट बांधलेले. चौरंग मांडलेला, पेटी-पखवाज लावलेले, आणि पांढऱ्या झब्ब्यांतले बुवा रांगेत बसलेले. करंजवाडी मित्र मंडळाची वार्षिक सत्यनारायणाची पूजा. दारात सुयोग उभा, हातात प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं आणि तोंडावर पूर्ण गोंधळ.

"के.एम.एम. एकदा लिहिलेलं होतं," धोंडिरामकाका म्हणाले. "तेच नाव परत कशाला लिहू?"

मग जे झालं ते झालं. करंजवाडीचे अध्यक्ष म्हणजे सुयोगचे वडील, गुणाजीकाका. गिरणीतून निवृत्त झालेले, अंगाने काडी, पण गावच्या देवासमोर गाऱ्हाणं घालणारा खडा आवाज. ते म्हणाले, "ओ बाये, आमचा मंडळ गिरणीच्या भोंग्यापासूनचा आसा!" आई म्हणाली, "आनि आमी दर्या भरला तवापासून हाय!" आवाजाच्या बाबतीत माझ्या आईशी बरोबरी करायला जाऊ नये. गुणाजीकाका करायला गेले. अर्धा तास दोघं भांडली, आणि एका "नाय म्हंजे नाय"च्या मधोमध काकांचा आवाज बसला. ओठ हलत होते, पण बाहेर नुसती हवा येत होती.

तेवढ्या शांततेत सुयोगने आणि मी तोडगा काढला. स्टेजवर पूजा, खाली हळदीकुंकू. करंजवाडीच्या बायकांनाही वाण द्यायचं, आमच्या बायकांनी प्रसाद घ्यायचा. सगळ्यांना पटलं. पण आई म्हणाली, "आजच्याला ठीक हाय. पन हा घोल आता बास. उद्याच्या उद्या दोनी मंडलांच्या पाट्यांवर पुरी नावं रंगवा, बिलांवर, पत्त्यांवर, सगलीकडं. के.एम.एम. कुनीच लावायचा नाय." गुणाजीकाकांनी मान हलवून हलवून होकार दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाट्यांचं काम आम्हा दोघा सेक्रेटरींकडे आलं.

टाळ्या वाजत होत्या आणि मी मनात हिशेब करत होते. पूर्ण नावं लागली की चुका संपणार. चुका संपल्या की घाटकोपरहून इथपर्यंत यायचं कारणच संपणार.

हॉलच्या मागे पायऱ्या आहेत. तिथून खाडी दिसते आणि बोंबील सुकवायच्या वलांड्या. मी तिथे जाऊन उभी राहिले. माघातला गार वारा होता, उन्हात वलांड्यांवरचे बोंबील चांदीसारखे हलत होते. थोड्या वेळाने तोही आला. पातेलं अजून हातातच.

"संपलं मग," तो म्हणाला.

"काय?"

"घोळ."

"हं. बरं झालं ना?"

"बरंच झालं... कुरियरवाल्यांची सोय झाली."

"त्यांचीच काळजी होती तुला."

तो खाली बघत राहिला. मी ठरवलं, एकदाच आणि शेवटचं.

"सुयोग, ते डिसेंबरातलं खोकं..."

कान लाल झाले. "त्यात काहीतरी ठेवायचं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"जमलं नाही. म्हणजे... ठेवायचं होतं ते खोक्यात मावण्यासारखं..." तो थांबला. वारा थांबला. मला वाटतं, बोंबीलसुद्धा हलायचे थांबले. "नेत्रा, मी—"

"दादा!" त्याची बहीण ऋतिका धावत आली. "दादा, लवकर चल. बाबांचा आवाज अजिबात फुटत नाहीये. गाऱ्हाणं तुलाच घालावं लागणार!"

"मला? अगं, मला चार माणसांत बोलता येत नाही—"

"ते देवाला सांग," असं म्हणून तिने त्याला ओढत नेलं. पातेलं माझ्या हातात राहिलं.

आमच्या बायकांना गाऱ्हाणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ऋतिकाने स्टेजवरून समजावलं. "एक जण सगळ्यांच्या वतीने देवाला सांगतो. त्याचं एकेक वाक्य झालं की बाकीच्यांनी मोठ्याने म्हणायचं, 'व्हय म्हाराजा!' बस, एवढंच."

"हात्तिच्या," आई म्हणाली. "येवढंच ना?"

सुयोग चौरंगासमोर उभा राहिला. हातात नारळ. मी शेवटच्या रांगेतून बघत होते.

"बारा गावच्या, बारा येशीच्या बा देवा म्हाराजा..." आवाज इतका बारीक की पहिल्या रांगेलाच ऐकू गेला असेल.

"व्हय म्हाराजा!"

हॉल दणाणला. आमच्या बाजारातल्या बायका होत्या त्या, करंजवाडीचे लोक वळून बघायला लागले. सुयोगही दचकला. पण त्या आवाजाचा त्याला आधार मिळाला असावा, कारण पुढचं वाक्य जरा मोठं आलं.

"आज हय तुझी करंजवाडीची लेकरा दरवर्षीसारखी जमली हत, आणि येसाव्याच्या आयाबहिणी पण इल्यात रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सकाळी जो काय वाद झालो, तो पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बाबांचो आवाज तेंका परत दी, आणि प्रेमामावशीचो आसा तसोच ठेव रे म्हाराजा!"

हसू फुटलं. आई हसत हसतच ओरडली, "व्हय म्हाराजा!"

"जे कोण दर्यात गेले हत, तेंची होडी सुखरूप किनाऱ्याक लाव रे म्हाराजा!"

या वेळी आमच्या बायकांचा आवाज छताला जाऊन लागला. माझे बाबा त्या दिवशी दर्यात होते. आईने पदराने डोळे टिपले. या मुलाने ते ध्यानात ठेवलं होतं, वाळूत चालताना दाखवलेला एक लांबचा दिवा. माझेही डोळे भरून आले. पाट्या रंगवून झाल्या की हा माणूस मला दिसणार नाही, या विचाराने मला रडूच येईल असं वाटलं.

सुयोग थांबला. गाऱ्हाणं संपलं असं वाटून कुणीतरी घंटेकडे हात नेला. पण तो नारळ तसाच धरून उभा होता.

"आणि एक माझा मागणा आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"श्रावणापासून मी एक गोष्ट सांगूक येतंय, आणि न सांगताच परत जातंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक आता रंगात आले होते. शब्द कोण ऐकतंय? थांबला की ओरडायचं, एवढंच सगळ्यांना कळत होतं. मी मात्र ऐकत होते.

"चुकीची पार्सला येवची बंद झाली तर माझा काय होतला, ता तुकाच ठाऊक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"प्रेमामावशीच्या नेत्रावर माझा जीव जडलो हा. तिका तो पटो, न पटो, पण आज तिच्या कानार पडांदे रे म्हाराजा! आणि पटलोच, तर आमचा दोघांचा लगीन होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

सगळ्यांत वरचा आवाज माझ्या आईचा होता.

मग शांतता पसरायला लागली. आधी पहिली रांग गप्प झाली, मग दुसरी, मग पखवाजवाले. आईचा हात हवेतच राहिला होता.

"थांबा," ती म्हणाली. "काय बोल्ला ह्यो?"

गुणाजीकाका उठून पुढे आले. घशातून कशीबशी हवा काढत म्हणाले, "व्हय म्हटलात बाये तुम्ही. देवासमोरचो व्हय मागे घेवचो नसता."

"मी कदी बोल्ले?"

"सगळ्यांच्या वर तुमचोच होतो."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. आई हसली नाही. ती सुयोगसमोर जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, ताजी मासळी पारखावी तशी त्याला वरपासून खालपर्यंत बघत. तो हलला नाही. कान मात्र लालबुंद.

"म्हंजे श्रावणापासून बाजारात उभा रावत होतास तो ह्याच्यासाठी? भाव इचारायला येवढे म्हैने?"

"हो मावशी."

"आनि इचारलास तो पन देवाला." ती जरा थांबली. मग आवाज उतरवून म्हणाली, "मी व्हय बोल्ले ते चुकून. जिनं बोलायला पायजे ती बोल्ली का?"

सगळा हॉल मागे वळला. दोन्ही के.एम.एम. माझ्याकडे बघत होती, आणि मी शेवटच्या रांगेत शिऱ्याचं पातेलं घेऊन उभी. सुयोगही बघत होता. पायऱ्यांवर अर्धवट राहिलेलं ते 'मी' अजून त्याच्या चेहऱ्यावर होतं. मला जे एवढे दिवस ऐकायचं होतं ते मी ऐकलं होतं, तेही साऱ्या गावासमोर.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मलाच ऐकू आलं असेल.

"बाजारात बसतंस ना गो?" आई म्हणाली. तिचे डोळे परत ओले झाले होते. "ऐकू नाय आयला."

"व्हय म्हाराजा!" मी ओरडले. आवाज आईवरच गेलाय हे तेव्हा सगळ्यांना कळलं. कुणीतरी घंटा वाजवली, पखवाजावर थाप पडली, आणि सुयोगने हातातला नारळ देवासमोर ठेवायचा सोडून आनंदाच्या भरात माझ्या आईच्या हातात दिला. तिने तो घेतला, कानाशी धरून हलवून बघितला आणि म्हणाली, "पानी हाय. चांगला निघेल."

पाट्या आम्ही दुसऱ्या दिवशी रंगवून घेतल्या, पूर्ण नावांच्या. तरीही पुढच्या रविवारी तो आला, हातात पार्सल नाही, पाकीट नाही, काहीच नाही. आईच्या मासळीच्या पाटीसमोर उभा राहिला आणि पापलेटचा भाव विचारला. आईने त्याला जो भाव सांगितला तो ऐकून शेजारच्या मथुरामावशीने कपाळाला हात लावला. पण जावई होणार म्हणून सूट द्यायची, असली पद्धत आमच्याकडे नाही.

वैशाखातल्या तारखेसाठी आम्ही दोघं धोंडिरामकाकांकडे गेलो. बाहेर ऊन रखरखत होतं आणि त्यांच्या टेबलावर पंखा घरघरत होता.

"कुणाच्या नावाने?" त्यांनी विचारलं.

"के.एम.एम.," मी म्हटलं.

काकांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा वर केला. "कुठलं? आता मी विचारल्याशिवाय लिहीत नाही बाबा."

सुयोगने माझ्याकडे बघितलं. आधी डोळ्यांत हसला, मग सावकाश ओठांवर.

"दोन्ही, काका," तो म्हणाला. "पण या वेळी बुकिंग एकच."